आखाजीपर्यंतचा नारळ

धनुबाईच्या हाताला पाणी नाही, असं धानोऱ्यात म्हणत. एखाद्या बैलाला शिंग नाही म्हणावं तितक्या सहज.

गोष्ट तिच्या लग्नाच्या सालची. सासरे छगन पाटील यांनी मळ्यात विहीर खणायला घेतली होती. मुरमातून पाणी पाझरलं आणि घरात नव्या सुनेला हाका सुरू झाल्या. रीत तशीच होती. पहिलं पाणी दिसलं की घरच्या सवाष्णीनं काठावर नारळ फोडायचा. नारळ फुटला की विहीर जन्मली, आणि जन्मलेल्या विहिरीला पुन्हा पहार लावायची नाही. खणणारा कुरकुरत होता, खाली काळा खडक आहे, खरं पाणी त्याच्याखाली. पण नव्या सुनेला कोण विचारणार? तिनं सांगितल्याप्रमाणे नारळ फोडला. चैत्रात तळाशी बेडूक मरून पडले. मुरमाला कुणी बोल लावला नाही, घाई करणाऱ्यांनाही नाही. राहिला तिचा हात.

पुढे पेरणीला बियाण्याची मूठ भरायची वेळ आली की तिला मागे उभं करत. ती कधी एकटीच त्या विहिरीत डोकावायची. तळाला खडक होता, पाठ फिरवून बसलेल्या माणसासारखा.

सासरे गेले, पाटिलकी नवऱ्याकडे, पितांबरकडे आली. गावाच्या दगडी हौदात तलावाचं पाणी खापराच्या नळानं येई. होळी सरली की नळ थेंबावर यायचा. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी आणाव्यात, तर त्यांच्या घागरी भरायच्या कशानं? कित्येक घरांनी बोलावणं धाडायचंच सोडलं. धनुबाईच्या निर्मलेनंही दोन आखाज्या सासरीच काढल्या होत्या.

अखेर लोकल बोर्डानं मंजुरी दिली. तलावाच्या बांधाखाली गावासाठी विहीर खणायची, आणि नळ आटला की मोटेनं तिचं पाणी हौदात सोडायचं. सातपुड्यातून विहिरी खणणारा वाहरू आपली माणसं घेऊन आला. पौषात मुरूम ओला झाला, मग घोटाभर पाणी साचलं. गाव काठावर जमलं. नारळाचा मान पाटलिणीचा. तुळशीबाई, तिची चुलत जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटली, की यंदा हात तरी बदला.

धनुबाईनं नारळ उचलला. वाकून तळातल्या वाहरूला विचारलं, पायाखाली काय लागतंय. खडक, तो म्हणाला. तिनं नारळ पदरात बांधला.

"आज फोडाव नही."

"हात कापस का वं, पाटलीनबाई? आन इकडे, मी फोडस."

"मन्हा हातले पानी नही ना, जेठानीबाई? मंग ह्या हातले घाई कशाले?"

कुणीतरी हसलं, पण गाव चिडलं होतं. संध्याकाळी पितांबरनं दबक्या आवाजात विचारलं, खडक कोरडाच निघाला तर? तर मला आणखी एक नाव ठेवतील, ती म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली. वाहरूचं म्हणणं सरळ होतं. नारळ फुटला नाही तोवर उतरायला त्याची हरकत नव्हती.

माघात तलाव उतरला तसा मुरमाचा पाझरही मंदावला. होतं तेही हिनं घालवलं, असं हौदावर उघड बोलू लागले. नारळाचं बारसं कधी, असं तुळशीबाई येता-जाता विचारी. नारळ देव्हाऱ्यात होता. दिवा लावताना धनुबाई त्याच्याकडे बघायची नाही.

फाल्गुनात सुरुंग सुरू झाले. पहिल्या बारांनी नुसत्या कोरड्या कपच्या उडाल्या. मग एका दुपारी धूर निवळला, वाहरू दोरानं खाली उतरला, आणि पितळी घागर बुडताना येतो तसा आवाज तळातून वर आला. खडक फाटला होता. वाहरू वर आला तेव्हा मांडीपर्यंत भिजलेला होता, आणि त्याची पहार पाण्याखाली राहिली होती.

पितांबर धावत घरी आला. आतातरी नारळ काढ म्हणाला.

"चैत जाऊ दे, आखाजीले फोडसू," ती म्हणाली.

चैत्रात तलावाला भेगा पडल्या, नळ मुका झाला. मोट दिवसभर चाले, आणि पहाटे पाणी पुन्हा आपल्या खुणेवर येऊन थांबलेलं असे. धानोऱ्यातून गावोगाव बोलावणी गेली. आखाजीला निंबांना झोके बांधले, लेकी आल्या. हौद काठोकाठ भरला होता.

धनुबाईनं तुळशीबाईला हात धरून विहिरीवर आणलं आणि दगडावर नारळ आपटला. थेंबही पडला नाही. आतून कोरडा गोटा घरंगळला. निर्मला आईकडे बघत राहिली.

धनुबाईनं गोटा उचलून सगळ्यांना दाखवला आणि विहिरीकडे बोट केलं.

"नारय सुकना. हेर नही सुकनी."

पहिली हसली ती तुळशीबाई. मग तिनंच हात पुढे करून खोबरं मागितलं.

पुढे आसपासच्या गावांत विहिरीला पाणी लागलं की धनुबाईला बोलावणं येई. ती बैलगाडीनं जायची, काठावरून खाली वाकून बघायची, आणि नारळ पदरात बांधून परत यायची.