बूट काढणार नाही

डॉक्टर माझ्या तळव्यापाशी वाकले होते. मी डोळे मिटून टोचण्याची वाट पाहत होतो. शेवटी विचारलं, "सुरू कधी करणार?"

"झालं, काका. दहा ठिकाणी लावला."

त्यांच्या हातात नायलॉनचा जाडसर धागा होता. सुरतच्या उधन्यात पस्तीस वर्षं मी लूमवर असलेच धागे विणले. हजारांतला एक तुटला तरी मला कळायचा. तोच आज दहादा भेटला आणि पायाने ओळख दाखवली नाही.

याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. म्हणजे अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होणं. नाव भारदस्त, काम चोराचं. फरशीवर डाग कसले, असं बायकोने विचारलं म्हणून मी पाय उलटा करून पाहिला होता. अंगठ्याखाली तारेचा तुकडा रुतलेला. त्यावर मी कारखान्यात तीन दिवस उभा होतो.

मग डीब्रीडमेंट झालं. म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढणं. फारसं दुखलं नाही, आणि वाईट तेच होतं.

"दोन आठवडे हा पाय टेकवायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "जखम भरायला लागली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

नातेवाईक कारल्याचा रस आणि उपदेश घेऊन आले. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर हेतलबेनने उपदेश केला नाही. तिने बायकोला रोज तळव्याखाली आरसा धरायला शिकवलं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, पाणी किती गरम ते पायाने नव्हे, कोपराने बघायचं. इन्सुलिन घेतलं की जेवण चुकवायचं नाही. आणि बरं झाल्यावर घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही.

"उघाडा पगे एक डगलुंय नहीं, काका!"

बायको उखडली. ती धुळ्याकडची. आमचा देव्हारा आणि गॅस एकाच खोलीत. "घरमा चप्पल? देवले काय सांगू?"

"मासी, भगवानने कहेजो, काकाने अंगूठो जोईए छे." काकांना अंगठा हवाय, असं देवालाच सांगा, हे हेतलबेनचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी बायकोने नवी मऊ चप्पल आणली आणि देवासमोर ठेवून परवानगी घेतली. देवाने डॉक्टरांपेक्षा कमी वेळ लावला.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. बायकोने माझा खांदा इतका दाबला, की तो तरी बधिर नाही याची खात्री पटली.

"कडा गुलाबी आहेत. अंगठा राहतोय."

जखम पूर्ण भरायला पुढे तीन महिने गेले.

गेल्या महिन्यात आमच्याकडे मधुमेहींच्या पायांचं तपासणी शिबिर होतं. हेतलबेनने मला अनुभव सांगायला बोलावलं. दारात एका स्वयंसेवकाने अडवलं.

"काका, बूट बाहेर. दीपप्रज्वलन आहे."

बाहेर चपलांचा ढीग होता. आत चाळीसेक म्हातारीकोतारी माणसं अनवाणी बसून पाहुण्यांची वाट बघत होती. बिल्ल्यांच्या टाचण्या फरशीवर पडलेल्या. पायांसाठीचं शिबिर, आणि पाय सोडून सगळ्यांचा मान राखलेला.

"काढणार नाही," मी म्हणालो.

"अहो, साहेब येताहेत. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"तारेला रुतायला तेवढीही लागली नव्हती."

आवाज चढले तशी हेतलबेन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, फरशीवरची टाचणी उचलली आणि हॉलकडे वळली.

"बधा पोतपोतानी चप्पल पहेरी लो!"

पाहुणे आले तेव्हा मंचासमोर कोणीच नव्हतं. सगळे दारात आपापली चप्पल शोधत होते. "ही माझी नाही हो," असं एक आजी साहेबांनाच सांगत होत्या. दिवा उशिरा लागला. देव रागावल्याचं अजून ऐकिवात नाही.

तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज त्यांचे तळवे बघा. दुखतंय का, एवढंच विचारून थांबू नका. माझंही दुखत नव्हतं.

बोलायची पाळी आली तेव्हा मला एवढंच सुचलं. मग मी खुर्चीवर बसलो आणि बूट काढला. आता हरकत नव्हती. समोर हेतलबेन आरसा घेऊन बसली होती.