पार्श्वभूमी नसलेलं घर

‘संगीताची कसलीही पार्श्वभूमी नसलेल्या घरातून ही मुलगी आली,’ निवेदिका माइकवर म्हणाली, ‘आणि आमच्या ताईंनी तिला घडवलं.’

टाळ्या पडल्या. इंदिरानगरातलं सभागृह भरलेलं होतं. बेंगळुरूच्याच कलाकारांचा शास्त्रीय संगीत महोत्सव. मी दोन तानपुऱ्यांच्या मधे बसले होते, नव्या साडीत. पाचव्या ओळीत माझे अप्पा.

तेही टाळ्या वाजवत होते.

अप्पा सनई वाजवायचे. त्यांचे वडील वाजवायचे, त्यांचेही वडील. आमचं मराठी घर या बेंगळुरूत किती पिढ्या आहे ते कुणालाच ठाव नाही. देवळात वाजवायचं, पण पायरीखाली बसून. लग्नात सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि सगळी पंगत उठल्यावर जेवायचं. मागच्या बाजूला.

मला सूर अप्पांनी दिला. मी सहा वर्षांची असेन. चिकपेटेत एक खोली होती आमची. काका दुसऱ्या सनईवर नुसता सा धरून बसायचा. अप्पा एक ओळ वाजवायचे, ती मी गळ्यातून काढायची. श्वास कुठं घ्यायचा ते कळावं म्हणून माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवायचे. मोठी झाले, हेब्बाळला एका कंपनीत रिसेप्शनला लागले, तरी सकाळी तासभर हेच.

ताईंकडे मी खूप नंतर गेले. ताई पुण्याच्या. इथं एचएसआर लेआउटमध्ये त्यांचा क्लास. बंदिशी शिकवल्या त्यांनी, खोटं का बोलू? पण पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, ‘एवढा दमसास कुठून आणलास गं?’

मी सांगितलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

महोत्सवाच्या दिवशी पडद्यामागे त्यांनी माझ्या परिचयाचा कागद वाचला आणि पेनानं एक ओळ खोडली. वडिलांची ओळ.

‘सनई म्हटलं की लोकांना लग्नाचा मांडव आठवतो,’ म्हणाल्या. ‘आणि स्टेजवर तू काही बोलू नकोस हं. तुझं ते कानडी मराठी ऐकून लोक हसतात. तू फक्त गा.’

‘सरी, ताई,’ मी म्हणाले.

सरी. बरं. एवढंच निघालं माझ्या तोंडातून. त्या ओळीच्या जागी काय लिहिलं जाणार ते मी विचारलंही नाही.

मग मी गायले. चांगलं गायले. शेवटी सगळ्यांसमोर ताईंच्या पाया पडले. फोटो निघाले. त्यात अप्पा नाहीत. ते बाहेर बसस्टॉपवर जाऊन उभे होते.

बसमध्ये म्हणाले, ‘मध्यमावर स्वल्प थांबायला हवं होतंस.’

निवेदिकेच्या वाक्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रियाजाला बसले तर अप्पा उठून गच्चीवर गेले. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरानं मी विचारलं, ‘सनई काढत नाही काय, अप्पा?’

‘ते ताईंचं गाणं आहे बाळा,’ ते म्हणाले. ‘मी मधे कशाला?’

रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते खरंच तसं समजून बोलले. मला माझ्या बापाला सांगता आलं नाही, की हे तुमचं आहे. उद्या सांगू, म्हटलं. मग परवा.

संक्रांतीच्या आधी अप्पा गेले. छातीत दुखलं, दोन दिवस दवाखाना, संपलं.

पुढच्या महोत्सवाच्या वेळी ताईंचा फोन आला. ‘मागचंच निवेदन ठेवू ना?’

‘नको. अप्पांचं नाव घाला.’

‘अगं, आता ते नाहीत. त्यांना काय फरक पडणार?’

मी फोन ठेवला. तरी महोत्सवाला गेले. पत्रिकेवर माझं नाव छापलं होतं, आणि ते नाव अप्पांनी ठेवलं होतं.

निवेदिकेनं तेच वाक्य वाचलं. पार्श्वभूमी नसलेलं घर. टाळ्या सुरू झाल्या.

‘स्वल्प थांबा,’ मी माइकवर म्हणाले.

कुणीतरी हसलं. हसू दे.

‘हे खोटं आहे. माझा बाप सनई वाजवायचा.’ मी अप्पांचं पूर्ण नाव घेतलं. ‘मला गाणं त्यांनी शिकवलं. तुमच्यातल्या कुणाच्या लग्नात दारात बसून वाजवले असतील ते. तुम्ही आत जेवत होता.’

पहिल्या ओळीतून ताई म्हणाल्या, ‘पुरे. गाणं सुरू कर.’

‘आज गाणार नाही.’

मी उठले. तबलजीनं हात तबल्यावरून उचलला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मी मधल्या वाटेनं चालत बाहेर आले. एकही माणूस उठला नाही.

मला मोकळं वाटलं नाही. अजून वाटत नाही. जे बोलले ते वर्षभर उशिरा बोलले, आणि ज्याला ऐकवायचं होतं तो माणूस सभागृहात नव्हता. हे मला कुणी विसरायला सांगू नये. मी विसरणार नाही.

पण गप्प बसणं संपलं. मी गाणार आहे. जिथं गाईन तिथं आधी बापाचं नाव घेईन, त्याचं वाद्य सांगेन, आणि आमच्या घरात बोलतो त्याच मराठीत सांगेन. ज्यांना चालत नसेल त्यांनी मला बोलावू नये.