नाय म्हाराजा

गाऱ्हाण्याला 'नाय म्हाराजा' म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ज्यांच्या गावात गाऱ्हाणं घालतात त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. देवासमोर एक माणूस मोठ्या आवाजात मागणं मांडतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. पटलं नाही तरी म्हणतात, ऐकू आलं नाही तरी म्हणतात. आमच्या जिल्ह्यात निम्मं राजकारण याच सवयीवर चालतं, हे माझं मत आहे आणि ते मी पत्रकात छापलेलंही आहे. फळीमावशीने ती सवय मोडली, तीही नारळी पौर्णिमेला, भर वेळेवर, अख्ख्या वाडीसमोर. कारण विचाराल तर बर्फ.

तारकर्लीजवळच्या आमच्या वाडीत बर्फ म्हणजे मासळीवर घालायचा. फळीमावशीचा बर्फ वेगळा होता. ती पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जाणाऱ्या एका बोटीवर कामाला होती. नवरा गोव्याच्या बोटीवर तांडेल, घरी म्हातारी सासू. एका वर्षी मनालीकडची डोलमा नावाची बाई पाण्यात बुडी मारायला शिकायला आली. मावशीने तिला पाण्याखाली नेलं, डोलमाने जाताना सांगितलं, आता तू माझ्याकडे ये, मी तुला बर्फावरून खाली आणते. असली आमंत्रणं आपण हसून सोडून देतो. मावशी फेब्रुवारीत गेली आणि शिमग्याला परत आली ती डोलमाची जुनी, कडा घासलेली बर्फावरून उभ्याने घसरायची फळी, म्हणजे स्नोबोर्ड, गोणपाटात गुंडाळून. तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं.

त्यानंतर दर फेब्रुवारीत रजा काढून ती डोलमाकडे जायची. आमच्याकडे बर्फ नाही, ही अडचण तिला कधी अडचण वाटली नाही. होड्या बांधणाऱ्या सुताराकडून तिने सरावासाठी एक लाकडी फळी करून घेतली, पाय अडकवायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे ठोकले आणि खालून मेणबत्ती घासली. पावसाळ्यात समुद्र बंद, बोटी शाकारलेल्या. गावातल्या बाकी बायका वाकळ शिवायच्या तेव्हा ही सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, कडेच्या ओल्या गवतावरून घसरत खाली यायची. एकदा ती थेट लावणी चाललेल्या भाताच्या कुणग्यात जाऊन पडली. चिखलातून उठली तर शेताचा म्हातारा मालक कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "गो, तुका घरात काय काम नाय?" ती म्हणाली, "आसा मां. ताच चुकवतंय." आणि मग मोडलेलं लावून द्यायला संध्याकाळपर्यंत त्याच्या कुणग्यात वाकून राहिली.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती माझं पत्रक घेऊन. दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटींविरुद्ध आम्ही तेव्हा सह्या गोळा करत होतो. अजूनही करतोय. पत्रकात शासनाने काय करावं, मत्स्यखात्याने काय करावं, पोलिसांनी काय करावं, सगळं ठणकावून लिहिलं होतं. मावशीने ते सावकाश वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "ह्या सगळा दुसऱ्यान करूचा. तू काय करतलंस ता खंय लिवलंस?"

मला राग आला. मी तिला सांगितलं, मावशी, हीच गंमत आहे. सगळ्यांनी फक्त आपण काय करायचं ते बघितलं आणि जाब विचारणं सोडलं की सरकारला बरंच. गरिबाने स्वतःला सुधारावं आणि मोठ्या बोटींनी समुद्र खरवडावा, असा हा कारभार आहे. ती ऐकत होती. मग सही केली आणि म्हणाली, "बोलतंस बरा. पण माजो प्रश्न थंयच रवलो." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तिच्या बोलण्याने माणूस गप्प बसत नसे, उलट त्याला एका जागी बसवेनासं होई.

तिची स्वतःची रीत अशी. नारळी पौर्णिमेला समुद्रावरचं गावगाऱ्हाणं झालं की घरी तुळशीसमोर ती आपलं वेगळं गाऱ्हाणं घालायची. शेजारपाजारच्या बायका नारळीभाताच्या आशेने जमायच्या. आधी गेल्या वर्षाचा हिशेब. काय सांगितलं होतं, काय झालं, काय राहिलं. मग येत्या हंगामाचं. त्यात मागणं काहीच नाही. "देवाक सांगूचा, मागूचा नाय," असं तिचं म्हणणं. "न पडता येईन" असं तिने कधी म्हटलं नाही. पडणं आपल्या हातात नाही, उठणं आहे, म्हणून एका वर्षी ती उठण्याचंच बोलली होती: कोणी हात दिला तरी धरणार नाही, आपली आपण उठेन. बायका हसून होय म्हाराजा म्हणाल्या. तिने ते पाळलं. म्हणजे डोलमाने फोनवर हसत तक्रार केली की ही बाई अनोळखी लोकांनी पुढे केलेले हात झटकते, लोक रागावतात.

फळीला दोन धारा असतात हे मला तिनेच समजावलं, माजघरात त्या गोणपाटावर उभं राहून. टाचेच्या धारेवर येताना तोंड दरीकडे असतं. सगळं दिसतं, म्हणून सगळेच त्या धारेवर येतात. बोटांच्या धारेवर तोंड डोंगराकडे आणि पाठ दरीकडे. खाली काय आहे ते दिसत नाही, मान वळवून अंदाज घ्यायचा आणि तसंच उतरायचं. मावशीचा जीव त्या दुसऱ्या धारेवर अडकला होता. समुद्राखाली हिंमतवान असलेली ही बाई पाठ वळली की घाबरायची. "टाचेर मी म्हातारी होयसर येयन," ती म्हणायची, "पण मगे अर्ध्याच फळयेवर इलंय असा होतला." शिकाऊ लोकांच्या छोट्या उतारावर तिने ते हळूहळू जमवलं. उरला होता तो रोपवेने जिथे सोडतात तिथला वरचा उतार.

त्याच वर्षी मालक मध्ये आला. मालक म्हणजे ती ज्याच्या बोटीवर कामाला होती तो. चार बोटी, दोन लॉज, आणि येत्या निवडणुकीत उभं राहायची तयारी. त्याला कुठूनतरी कळलं की बर्फावरच्या फळीची राष्ट्रीय स्पर्धा असते. झालं. तिला न विचारता कुडाळ-मालवण रस्त्याला फ्लेक्सची जागा ठरली. समुद्रकन्या आता हिमशिखरावर, असं काहीतरी, आणि खाली मालकाचा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा. आमच्याकडे ध्येय म्हणजे फ्लेक्स. ज्याचं ध्येय त्याला शेवटी कळतं.

नारळी पौर्णिमेला वाडी किनाऱ्यावर जमली. गावकर, म्हणजे गावचे मानकरी, गाऱ्हाणं घालत होते. बोटी राखण्याचं झालं, वारा-वादळाचं झालं, पोराबाळांचं झालं. होय म्हाराजा, होय म्हाराजा. मग मालकाने गावकरांच्या कानात काही सांगितलं आणि गावकरांनी आवाज चढवला, "आणि ह्या आमच्या लेकीक बर्फातला सोन्याचा मेडल मिळांदे रे म्हाराजा!"

सगळ्यांची तोंडं 'होय'साठी उघडली होती. त्याआधी मावशी बोलली.

"नाय म्हाराजा."

ती ओरडली नाही. बाजारात नको असलेली मासळी परत टोपलीत ठेवताना बाई बोलते तशी बोलली.  गावकर गोंधळून म्हणाले, "काय गो, काय झाला? बऱ्यासाठीच मागतंव मां?"

"मेडल माज्या हातात नाय," मावशी म्हणाली. "त्या दिवशी दुसरा कोण किती बरा येता तेच्या हातात आसा. तेका होय कशी म्हणू? माजा इतक्याच. वरच्या टोकापासून खालपर्यंत फळयेवरसून येतलंय, पाठ करूची थंय पाठ करून. ह्येका होय म्हणा."

कोणी म्हणेना. मालक तिथे उभा होता ना. मग वाळूत बसलेली तिची सासू पदर सावरत म्हणाली, "होय म्हाराजा." तिच्यामागून बायका म्हणाल्या. मग पुरुष, एकेक करून, मालकाकडे न बघता. मीही म्हणाले, आणि मला आठवतं, माझा आवाज नको तितका मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मालकाने कळवलं, फेब्रुवारीत रजा नाही. रजा हवी तर कायमची घे. मी संतापून तिच्या घरी गेले, म्हटलं पत्रक काढते, तुझ्या नावाने, तुझ्या फोटोने. ती म्हणाली, माझ्या नावाने नको. बोटींवर आणि लॉजवर राबणाऱ्या कुठल्याच बाईला हंगामात आठवड्याची सुट्टी नाही, त्याचं लिही. मी तिला चिडवलं, आता कसं, मागूचा नाय म्हणत होतीस ना? ती हसली नाही. "ह्या मागूकच होया," ती म्हणाली. "ह्या तेच्या मुठीत आसा, माज्या नाय. पण मागणारी मी खंय उभी आसतलंय ता पयला लिही."

मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्रक ते. पहिली ओळ होती, 'आम्ही रोज सकाळी कामाला लागण्याआधी जेटीवर एकत्र उभ्या राहू.' आणि त्या उभ्या राहिल्या, पर्यटक मोबाईलवर शूटिंग करत असतानाही. दिवाळीच्या गर्दीत मालकाला दोन्ही लॉजवरच्या आणि सगळ्या बोटींवरच्या बायकांना आठवड्याची सुट्टी द्यावी लागली. मावशीला फेब्रुवारी मात्र मिळाला नाही. तिने काम सोडलं.

कुडाळ स्टेशनला तिला मीच स्कूटरवरून सोडलं, गोणपाटातली फळी आमच्या दोघींच्या मध्ये आडवी, वळणावर समोरच्या एसटीला आपटता आपटता राहिली. प्लॅटफॉर्मवर एका गृहस्थांनी विचारलं हे काय आहे. मावशी म्हणाली, इस्तरीचं टेबल. ते पुढे विचारू लागले की दिल्लीला इस्तरीची टेबलं मिळत नाहीत काय. गाडी येईपर्यंत ती त्यांना लाकडाच्या प्रतीबद्दल सांगत होती. मला वाटलं ती घाबरलेली नाही. पण डब्यात चढताना तिने माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की नंतर बराच वेळ लाल होतं. हात न धरणारी बाई. मी तिला त्यावरून कधी चिडवलं नाही.

त्या फेब्रुवारीत काय झालं ते तिने फोनवर सांगितलं नाही. शिमग्यालाही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, ज्याच्यासमोर बोलले त्याच्यासमोर सांगेन. मालकाची माणसं म्हणू लागली, पडली असेल. मी अस्वस्थ. मला ती जिंकायला हवी होती, हे कबूल करते, आणि तेही मालकाचं नाक कापायला. पावसाळाभर मी तिच्या दारावरून जाता-येता तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का बघायचे. ती आपली गवतावरून घसरत होती.

पुढच्या नारळी पौर्णिमेला गावकरांचं गाऱ्हाणं संपल्यावर ती स्वतः पुढे झाली. बाईमाणूस तिथे पुढे होत नाही. गावकर बाजूला सरकले, का ते मला अजून कळलेलं नाही.

"म्हाराजा, गेल्या वर्षी सांगल्लंय, वरसून खाली फळयेवरसून येतलंय म्हणान," ती म्हणाली. "अर्ध्यार इलंय. फुडे धुका इला, पाय कापाक लागले. फळी काखेत मारून चलत इलंय. सांगल्लंय ता अर्ध्याच झाला."

याला काय म्हणायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. हरलेल्याचं गाऱ्हाणं आम्ही कोणी ऐकलेलं नव्हतं. मालकाच्या बाजूने कोणीतरी खुसखुसलं. तेवढ्यात सासूने वाळूतूनच विचारलं, टोमण्यात नाही, बाजारचं विचारावं तसं, "मगे उरलेला अर्धा कोण करतलो?"

"मीच," मावशी म्हणाली. "येत्या हंगामात."

"होय म्हाराजा," म्हातारी म्हणाली, आणि आमची सगळ्यांची सुटका झाली.

इथे तिला काम द्यायला कोणी तयार नव्हतं. मालकाशी वैर कोण घेणार? डोलमाकडे नव्याने शिकणाऱ्या बायकांना पहिले धडे द्यायला माणूस हवं होतं. डिसेंबरच्या आधीच मावशी गेली. जाताना सुताराने केलेली लाकडी फळी माझ्या दारात ठेवून गेली, ट्यूबचे पट्टे नवे ठोकून. सांगून काही गेली नाही. मी तीवर अजून उभी राहिलेले नाही. माझ्या खोलीत ती भिंतीला टेकून आहे आणि पत्रकं लिहायला बसलं की नेमकी समोर येते.

अजूनही मी तिच्याशी मनात भांडते. मावशी, मोठ्या बोटींचे दिवे समुद्रावर गावाएवढे पेटतात, ते माझ्या उठण्या-पडण्याने विझणार नाहीत. ते ज्यांच्या मुठीत आहेत त्यांच्याकडून हिसकावूनच घ्यावे लागतील. हे सगळं खरं आहे. तरी गेल्या वर्षी सभेत मी पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या बाजूचं बोलले. दर सोमवारी मत्स्यखात्याच्या कार्यालयात आम्ही जाऊ, तक्रार लिहून देऊ आणि उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणं सोपं असतं.

या नारळी पौर्णिमेला मावशी आली नाही. तिकडचा घाटातला रस्ता खचला होता, असा डोलमाचा निरोप आला. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते ती फोनवर सांगणार नाही, मलाही विचारायचं नाही. गावकरांचं गाऱ्हाणं संपलं. लोक उठू लागले आणि माझे पाय आपोआप पुढे गेले. मी मालवणीत बोलायला गेले आणि घाबरून प्रमाण मराठीत बोलले. म्हणाले, सोमवारी जाऊ असं सांगितलं होतं. सुरुवातीला गेलो. मग आंब्याच्या दिवसांत चुकलं, मग लग्नसराईत चुकलं, मग मी एकटीच गेले आणि उत्तर न घेता उठले. सांगितलं ते अर्धंही झालं नाही.

कोणी होय म्हणालं नाही. मालक मोबाईलमध्ये बघत होता. वाळूत बसलेली म्हातारी माझ्याकडे मान वर करून बघत होती, आणि ती काय विचारणार हे मला ठाऊक होतं, तरी तिने विचारलं.

"मगे उरलेला कोण करतलो गो?"

समुद्राकडे माझी पाठ होती. मागे काय आहे ते दिसत नव्हतं.

"मीच," मी म्हणाले.