प्रश्नाखाली धन्यवाद

चिंचवडच्या आमच्या वाचनालयाचं फेसबुक पान अध्यक्ष स्वतः चालवायचे. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांना सगळे काका म्हणतात. मी कार्यवाह, निवृत्त शिक्षिका, म्हणून ते मला बाई म्हणतात. पान म्हणजे नुसत्या शाली आणि नारळ! पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांनी केलेला काकांचा सत्कार, वाढदिवसाचा सत्कार. पुस्तक एकाही फोटोत नाही. मी म्हटलं, "काका, हे वाचनालय आहे की शालींचं दुकान?" ते हसले आणि पुढच्याच आठवड्यात माझाही सत्कार करून मोकळे झाले.

वाचनालयाची खोली सोसायटीची. संध्याकाळी आम्ही कुलूप काढायचो, दोन-तीन आजोबा पेपर चाळून जायचे. शेवटी सोसायटीच्या सचिवांनी सांगूनच टाकलं, खोली अशीच रिकामी राहणार असेल तर दिवाळीनंतर तिथे जिम होईल. नोकरी संपल्यापासून माझा दिवस त्या खोलीच्या आधारानेच जात होता. ती गेली तर घरी बसून काय करणार, सुनेच्या फोडणीत चुका काढणार?

त्या दिवशी मी आमचं पान पहिल्यांदाच नीट वाचलं, फोटोंखालच्या मजकुरासकट. एकाने विचारलं होतं, "सकाळी उघडं असतं का? माझी सेकंड शिफ्ट असते." खाली काकांचं उत्तर: धन्यवाद, आणि जोडलेले हात. एक बाई विचारत होती, "मुलीला अभ्यासाला बसता येईल का? आमचं घर एका खोलीचं आहे." धन्यवाद. "दोनदा आलो राव, कुलूप होतं." धन्यवाद!

मी तडक काकांचं घर गाठलं. "अहो, लोक दार वाजवतायत आणि तुम्ही नमस्कार काय करत बसलाय!"

काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "बाई, मला वाटलं अभिनंदनच करतायत," ते म्हणाले. "सत्काराच्या फोटोखाली दुसरं कोण काय लिहिणार?" चेहरा इतका पडला होता की माझा अर्धा राग तिथेच गेला.

मग मी एकेकाला उत्तर लिहिलं. काहींनी बघितलंच नाही, एक जण नोकरी सोडून लातूरला परत गेला होता. मुलीच्या आईने मात्र लगेच विचारलं, "उद्या पाठवू का?" सकाळी कुलूप काढायचं काम काकांनी मागून घेतलं, नाहीतरी ते फिरायला बाहेर पडतातच. पानावरच्या शाली बंद झाल्या. आज किती वाजेपर्यंत उघडं आहे, कुठलं पुस्तक परत आलंय, एवढंच मी लिहू लागले. सेकंड शिफ्टवाला चाकणची कंपनीची बस येईपर्यंत वाचत बसायला लागला. मुलगी आली, तिने मैत्रिणी आणल्या, त्यांनी आणखी कुणाकुणाला.

दिवाळी झाली आणि सचिव जिमसाठी माप घ्यायला टेप घेऊन आले. एकही खुर्ची रिकामी नव्हती. खाली सतरंजीवरही पोरी बसलेल्या. टेप टाकणार कुठे? ते मोठ्याने काहीतरी विचारायला लागले, तर एकीने मान वर न करता "श्शू!" केलं. सचिव टेप गुंडाळून गेले. जिमचं नाव पुन्हा निघालं नाही.

काकांनी भरलेल्या खोलीचा फोटो पानावर टाकला. लगेच खाली कुणीतरी लिहिलं, "माझ्या मुलाला जागा आहे का?" काकांचं बोट सवयीने जोडलेल्या हातांवर गेलं आणि थांबलं. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं.

"जागा नाही. पण या. सरकून घेऊ."