विमलचं गरम पाणी

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहाडीला माझ्या घरी जेवणाची ताटं उचलत होते. करडीहून तिची शेजारीण बोलत होती. "बाई, तुमच्या मैत्रिणीले झटका आला… दवाखान्यात नेताच आलं नाही." मी विचारलं, पोराला कळवलं का? "कळवलं. तो चीनमधी आहे म्हणते." मला रडू यायच्या आधी राग आला. इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही, तेव्हा या लेखात कुणी गोडवा शोधू नये.

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायची, ती भूगोल. मी कोष्ट्याच्या घरातली, मागाच्या खटखटीत वाढलेली. ती करडीच्या बौद्ध घरातली, नवरा लवकर गेल्यावर एकटीनं मुलगा वाढवलेली. चीनचं वेड तिला विहारात लागलं. ग्रंथांसाठी वाळवंट तुडवत भारतात आलेल्या चिनी भिक्खूची गोष्ट तिनं तिथं लहानपणी ऐकली होती. "तो पायी आला वं इकडे," एसटीत ती मला म्हणायची, "मले विमानानं जाऊन येता येत नाही का?" शिआन शहरातल्या ज्या पगोड्याशी त्या भिक्खूचं नाव जोडलेलं आहे, तो तिला पाहायचा होता. आणि चीनची भिंत. प्रशांतनं, तिच्या मुलानं, शाळेत असताना पाटीवर ती भिंत काढली होती आणि म्हटलं होतं, "आई, मी तुले नेईन." पोरं काहीही बोलतात. पण विमलनं ते पदराच्या गाठीला बांधलं.

पुढं प्रशांत पुण्यात नोकरीला लागला आणि कंपनी त्याला वरचेवर शांघायला पाठवू लागली. विमलला वाटलं, आता काय, गंगेत घोडं न्हालं. निवृत्तीनंतर ती मोबाइलवर प्रवाशांचे व्हिडिओ बघत बसायची. बघता बघता तिला चीन इतका पाठ झाला की भंडाऱ्याहून कुणी तिकडं निघालं की आधी तिला फोन करायचं. बीजिंगच्या राजवाड्याचं तिकीट आधी काढा, सोमवारी तो बंद असतो. पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका, रेल्वेत चढायलाही लागतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊच नका, अख्खा चीन तेव्हाच फिरायला निघतो. हॉटेलाचं चिनी अक्षरातलं कार्ड खिशात ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला. कुणी गोड बोलून चहा प्यायला बोलावलं तर हात जोडा, बिल बघून घेरी येईल. भिंतीसाठी बादालिंगची गर्दी टाळा, मुतियान्यूला जा, पण नवे बूट घालू नका… आणि थर्मास न्या, कारण तिकडं स्टेशनावर, रेल्वेत, सगळीकडं गरम पाणी मिळतं आणि लोक तेच पितात.

दुसऱ्यांना सांगून ती थांबली असती तर ठीक होतं. बाईसाहेबांनी स्वतःच सराव सुरू केला. भिंतीच्या पायऱ्यांसाठी रोज सकाळी गावच्या तलावाची पाळ, म्हणजे बांध, चढायची आणि उतरायची. माठ बंद, फक्त गरम पाणी. आमच्याकडचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांनाच यातला वेडेपणा कळेल. नवतप्याचे नऊ तापलेले दिवस, सकाळपासूनच लूच्या गरम झळा, आणि ही पाळीवर बसून थर्मासच्या झाकणातून वाफाळतं पाणी फुंकून फुंकून पिते आहे!

"काहून जीव जाळून राहिली वं?" मी ओरडले.

"आदत लावून राहिली. तिथं जाऊन पोराले तरास नको."

पोराला त्रास नको! पोर मात्र दरवर्षी "पुढच्या वर्षी, आई" म्हणायचं. एकदा म्हणाला, "तुला झेपणार नाही, तुझे गुडघे…" त्या गुडघ्यांनी ती रोज पाळ चढते, हे बघायला तो कधी चार दिवस राहिलाच नाही. मी किती वेळा म्हटलं, चल, नागपूरच्या एखाद्या सहलवाल्याबरोबर आपण दोघी जाऊ. तर म्हणायची, "त्यानं म्हटलं आहे ना. मी दुसऱ्यासंगं गेली तर त्याले वाईट वाटंल." मग एका साली तो सासू-सासऱ्यांना घेऊन गेला. विहिणीला फोनवर सगळ्या सूचना विमलनंच दिल्या, अगदी बूट-थर्माससकट. परत आल्यावर विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्यामुळे फार सोपं गेलं हो." विमलला भिंतीचं चित्र असलेलं एक चुंबक मिळालं, फ्रिजला लावायला. तिनं ते लावलं. मी तिच्या जागी असते तर तलावात फेकलं असतं.

ती गेल्यावर प्रशांतला पोचायला वेळ लागणार होता, म्हणून बर्फाची पेटी भाड्यानं आणली. जी बाई इतकी वर्षं थंड पाण्याला शिवली नाही, तिला आम्ही त्या पेटीत ठेवलं. काचेवर दव साचत होतं आणि शेजारीण ते पदरानं पुसत होती. ते मी विसरणार नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. प्रशांत स्वयंपाकघर आवरत होता. रडून त्याचे डोळे सुजले होते, हेही लिहायला हवं. माठ कोरडा बघून त्यानं विचारलं, "मावशी, आईला घशाचा काही त्रास होता का? शेजारी म्हणतात ती गरम पाणीच प्यायची."

मी म्हटलं, "घसा ठणठणीत होता तिचा. ती चीनले जायची तयारी करून राहिली होती. तुह्यासंगं."

तो खाली बसला. मग थर्मासकडे बघत म्हणाला, "मावशी, तो थर्मास मी नेऊ? पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. शिआनला जाईन… तिचा थर्मास तरी तिथं नेईन."

कुणी म्हणेल, द्यायला हवा होता. मी दिला नाही. थर्मास पिशवीत घातला आणि मोहाडीच्या बसमध्ये बसले. आता तो माझ्या ओट्यावर असतो. सकाळी मी पाणी उकळून त्यात भरते आणि दुपारी झाकणात ओतून घेते. जीभ पोळते, घाम फुटतो, तिला चार शिव्या घालते आणि संपवते.