वाळूच्या पट्टीवर चूल नको

मालवणच्या पुढं खाडी आणि समुद्राच्या मधोमध वाळूची एक लांब पट्टी आहे. होडीनंच जावं लागतं. तिथं हॉटेल नाही, टपरी नाही, नळसुद्धा नाही. मैत्रिणीनं फोटो दाखवले आणि मी हटून बसले, यंदा जायचं तर इथंच. लग्नाला सोळा वर्षं झाली. एक दिवस मला शेगडीचं तोंड बघायचं नव्हतं, बाकी काही मागणं नव्हतं.

रविवारी बेत ठरवायला बसलो. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर, त्यामुळं आधी कागद, मग यादी. धाकटा दीर हुपरीहून मुद्दाम आलेला.

"वैनी, तिथं कायच मिळत न्हाय? मग खायाचं काय, वाळू?"

झालं! यादीत मटण चढलं, मग गॅसची शेगडी, मग तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची दोन पातेली. कोल्हापूरकराला मोकळी जागा दिसली की तिथं रस्सा शिजवायची खुमखुमी येतेच. शिजवणार कोण, ते मात्र कुणी लिहिलं नाही. माझं डोकं तापलं. पण सासूबाईंसमोर बोलणार काय? त्यांच्या रश्श्याचं नाव अख्ख्या गल्लीत. त्या कोपऱ्यात लसूण सोलत होत्या.

नवऱ्यानं होडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, होडीत सहा माणसं बसतात, एवढं सामान आणलं तर चारच. दोन्ही घरं धरून आम्ही नेमके सहा.

"मग बायका दुसऱ्या खेपेला येतील की," दीर म्हणाला.

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं.

"पातेली ऱ्हाऊ द्या घरात. जत्रंला गेलो तरी चूल, शेतावर गेलो तरी चूल. आता समुद्रावर बी तुमची ताटं वाढू व्हय? मला नुसतं बसायचं हाय. कोरडी भाकरी चालंल."

इतकी वर्षं वाटायचं, स्वयंपाकघर म्हणजे त्यांचा गड, त्यांना तिथून हलायचंच नाही. कधी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली आणि हसूही आवरेना.

"पण भाकऱ्या कोण करणार?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"तुम्ही दोघं भाऊ. मी सांगीन, पण हात लावणार न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

दीर बसची वेळ बघायला मोबाईल काढू लागला. सासूबाईंनी पिठाची परात आणून त्याच्यापुढं ठेवली.

"बस जाईल आणि येईल. मळ आधी."