अळिंबी आणि जास्तीचा चुना

दोन हजार सालच्या आसपास आमच्या घरी अळिंबी पिकवायचं ठरलं. ठरवलं मी. तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथं सगळ्यांनाच प्रमाणपत्र मिळालं. मोठ्या जाऊबाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ह्ये फ्रेम करायचं का पेरायचं?"

जाऊबाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांनी मेंढरांमागं काढली होती. पुढं मेंढरं विकली, ऊस आला, आणि मेंढरांचं छप्पर रिकामं पडलं. तीच आमची जागा. मोठे दीर म्हणाले, "कुत्र्याची छत्री कोन खातं?" या विषयावर ते त्यानंतर कधीच बोलले नाहीत.

पहिल्या खेपेला आम्ही गव्हाचा भुसा उकळला, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, मधे मधे अळिंबीचं बी पेरलं आणि पिशव्या छपरात टांगल्या. आठ दिवसांत आतून पांढरी जाळी धरायला हवी होती. धरली ती हिरवी बुरशी, चांगली पोपटी. जाऊबाईंनी एकेक पिशवी फिरवून पाहिली. "पीक तर जोरात हाय," त्या म्हणाल्या. "आपलं न्हाई, एवढंच."

प्रशिक्षणाच्या वहीत दुसरी रीत होती. भुसा रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवायचा. हिरव्या बुरशीला जरा आंबट जागा मानवते. चुन्यानं आंबटपणा जातो आणि ती मागं पडते. अळिंबी मात्र तग धरते. एका पिंपाला चार किलो चुना. जाऊबाईंनी तो मोजून घातला आणि त्या धारा काढायला गेल्या. मी पिंपाजवळ उभी राहिले. चार किलोनं बुरशी मागं पडत असेल तर आठ किलोनं ती येणारच नाही, असा विचार मी केला. विज्ञानाच्या बाईनं असा विचार करू नये. मी आणखी चार किलो ओतला, काठीनं ढवळला आणि कुणाला सांगितलं नाही.

सकाळी मी जीप पकडून शाळेत गेले. भुसा बाहेर काढून पिळायचं काम जाऊबाईंनी केलं, हातानं. संध्याकाळी त्यांचे तळवे लाल झाले होते आणि बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्या खोबरेल चोळत बसल्या होत्या.

"ह्या चुन्याला लई जोर हाय गं."

"असतो," मी म्हणाले.

वीस दिवस झाले. पिशव्यांत हिरवं काही आलं नाही. पांढरंही आलं नाही. बी पेरलं तसंच बसलं होतं. मी शाळेतून पीएच पेपरची पट्टी आणली आणि भुशाच्या पाण्यात बुडवली. ती गडद जांभळी झाली. एवढा जांभळा रंग मी वर्गात कधी मुलांना दाखवू शकले नव्हते.

"माझंच माप चुकलं आसंल," जाऊबाई म्हणाल्या.

"असू दे हो," मी म्हणाले. मी त्यांना माफ केलं. आजही तो प्रसंग आठवला की मी उठून काहीतरी दुसरं काम करायला लागते.

पिशव्या आम्ही छपरामागं उकिरड्याच्या कडेला, सावलीत टाकल्या. महिना गेला. एका रविवारी मी कपडे धूत होते, तर मागून हाक आली, "मास्तरीणबाई, हिकडं ये. तुझं मेलेलं उठलंय."

पिशव्या फाटल्या होत्या आणि फटींतून करड्या-पांढऱ्या अळिंबीचे घोसच्या घोस बाहेर आले होते. मी धावत जाऊन पट्टी आणली. या खेपेला ती पिवळट झाली. म्हणजे भुसा आता थोडा आंबट होता. चुना कुठं गेला, ते मला कळेना.

शिरूरच्या कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवलेले सर होते. त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि मग सांगितलं. बाहेरचं पाणी आम्लाचं आहे की चुन्याचं, हे बुरशीला, आणि अळिंबीही बुरशीच, पेशीच्या आवरणावरच कळतं. पाणी चुन्याचं असलं तर आत एका प्रथिनाचा तुकडा कापला जातो. उरलेला भाग पेशीच्या केंद्रात जातो आणि कामाची यादी बदलतो. चुन्यात चालतील ती विकरं बनवायची, बाकीची थांबवायची. शिवाय ती स्वतःच आम्ल सोडते आणि आजूबाजूची जागा हळूहळू सोयीची करून घेते.

"तुमचं बी वीस दिवस बसून नव्हतं," सर म्हणाले. "कामावर होतं. थोडं हवेनंही केलं असेल, हवेनं चुना मवाळ होतो. सगळं श्रेय बुरशीला देऊ नका."

घरी येऊन मी हे सगळं जाऊबाईंना सांगितलं. त्या अळिंबीचे देठ कापत होत्या. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पर चार किलोनं एवढं कसं काय झालं?"

"आठ किलो होता. वरचे चार मी घातले."

"ठावं हाय. पोतं मीच बांधून ठेवलं व्हतं. दुसऱ्या दिशी निम्मं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, शिकलेलं मानूस हाय. कायतरी विचार केला आसंल."

मी त्यांच्यासमोर बसले आणि दुसरी सुरी घेतली. बराच वेळ आम्ही देठच कापले. पुढच्या आठवड्यात मी शिरूरहून रबरी हातमोजे आणले. ते त्या वांगी तोडताना घालायच्या, काटे लागत नाहीत म्हणून. भुसा हातानंच पिळायच्या.

ती अळिंबी घेऊन आम्ही आठवड्याच्या बाजारात बसलो. एका बाईनं विचारलं, "इषारी तर न्हाई ना?" जाऊबाई म्हणाल्या, "आजून कुनी खाल्लीच न्हाई, सांगू कसं?" त्या दिवशी काहीच खपलं नाही. मग कुणीतरी सणसवाडीला जायला सुचवलं. तिथं भाड्याच्या खोल्यांतून कंपन्यांतले झारखंडकडचे कामगार राहत होते. कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही पाट्या घेऊन गेलो. पहिल्याच दारातल्या मुलीनं पाटीत हात घातला आणि ओरडून शेजारणींना बोलावलं. "अम्मा, ये कहाँ मिला? हमारे यहाँ जंगल से लाते हैं." जाऊबाईंना हिंदी येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "उकिरडे पे." मुलीला काही कळलं नाही, ते बरं झालं.

अर्ध्या तासात पाट्या रिकाम्या झाल्या. त्या मुलीनं आम्हाला खोलीत बसवलं आणि मोहरीच्या तेलात भाजी करून वाढली. खाताना जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेल तिखट होतं. त्यांनी दोनदा मागून घेतली.

तीन हिवाळे आम्ही हे केलं. मग माझी बदली दौंडकडच्या शाळेत झाली. जाऊबाईंनी पुढं एकटीनं चालवलं आणि सणसवाडीला जाऊन जाऊन मोडकंतोडकं हिंदी शिकल्या. मला फोन केला की सुरुवात हिंदीतच करायच्या.